न जाणवणारा चावा

कीटकदंशाचे गांभीर्य सर्वसाधारणपणे वेदनेवरून ठरवले जाते; आग्या मोहोळ उठले किंवा गांधीलमाशीने डंख केला की धावपळ होते, परंतु जो चावा जाणवलाच नाही त्याची दखल घरात, शेतात आणि पुष्कळदा दवाखान्यातही घेतली जात नाही. नागपूर आणि भोवतालच्या विदर्भाचा अनुभव मात्र असा आहे की, या भागाने ज्या दोन दंशांची मोठी किंमत मोजली, ते दोन्ही सहसा लक्षात न येणारे होते.

दुखणाऱ्या डंखाचे शास्त्र तुलनेने सोपे आहे. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसह कातडीत रुतून राहतो आणि ती पिशवी काही काळ विष सोडत राहते, म्हणून काटा नखाने काढला की चिमट्याने, यापेक्षा तो किती लवकर काढला याला अधिक महत्त्व असते. त्यानंतर जागा साबणाने धुऊन बर्फाने शेकावी, तिच्यावर चुना लावू नये, कारण चुन्याने कातडी भाजते. डंखानंतर अंगभर गांधी उठणे, ओठ किंवा घसा सुजणे, श्वास कोंडणे किंवा भोवळ येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे होत, आणि अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असल्याने रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.

न जाणवणाऱ्या दंशांची कथा खुद्द नागपुरातून सुरू होते. 1965 मध्ये या शहरात डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचा फैलाव झालेला असताना पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने तपासले, तेव्हा दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात एक निराळाच विषाणू आढळला. भट्ट आणि रॉड्रिग्ज या शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नागपूर परिसरातील चांदीपुरा या वस्तीचे नाव त्याला मिळाले. रेबीजच्या विषाणूच्याच कुळातला हा विषाणू पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. 2003 मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत 329 बालकांपैकी 183 दगावली आणि त्या साथीचा संबंध याच विषाणूशी जोडला गेला, तेव्हा त्याचे खरे रूप समोर आले. 2007 मध्ये नागपूर विभागातील बालकांतही त्याची साथ आली, आणि 2024 च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले. आधी ताप, मग उलट्या, झटके आणि बेशुद्धी असा त्याचा क्रम असतो आणि अनेक मुले एक-दोन दिवसांतच दगावतात. त्यावर विशिष्ट औषध नाही, लसही नाही, म्हणून झटके आटोक्यात ठेवणे, श्वास आणि रक्तदाब सांभाळणे एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते.

त्यामुळे या आजारात खरा उपचार दंशाच्या आधीच करावा लागतो, आणि त्यासाठी हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, डासापेक्षा कशी वेगळी आहे हे समजून घेणे आवश्यक ठरते. दोन-तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ, पंख उभे धरून बसणारी ही माशी आवाज न करता येते. तिची अंडी साचलेल्या पाण्यात नव्हे, तर मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या ओलसर जमिनीत आणि शेणकचऱ्याच्या आसपास वाढतात. याचा अर्थ असा की, कोरडा दिवस पाळून आणि कूलरचे पाणी उपसून डेंग्यू टळेल, पण चांदीपुरा टळणार नाही. त्यासाठी भेगा लिंपाव्या लागतात, भिंतींना गिलावा करावा लागतो, गोठा राहत्या खोलीपासून दूर न्यावा लागतो आणि भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी करावी लागते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ही माशी आत शिरू शकते, म्हणून जाळी अधिक बारीक किंवा कीटकनाशक लावलेली हवी. ती लांब आणि उंच उडत नसल्यामुळे जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्या मुलांना खाटेचा आधारही उपयोगी पडतो. मातीच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला पक्की भिंत मिळणे हा म्हणूनच मेंदूज्वराच्या प्रतिबंधाचाही भाग मानला पाहिजे.

दुसरा दंश चिगरचा. चिगर हा काटेकोर अर्थाने कीटक नव्हे. गवतात आणि झुडपांत राहणाऱ्या, कोळ्यांच्या वर्गातील एका माइटची ती सहा पायांची अळी असते आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते. उंदरांच्या अंगावर पोसली जाणारी ही अळी माणूस सापडला तर त्याच्या कातडीला चिकटते, लाळेने पेशी विरघळवून दोन-चार दिवस तो रस शोषते आणि गळून पडते. या अवधीत ओरिएन्शिया सुसुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो आणि साधारण दहा दिवसांनी स्क्रब टायफसचा ताप सुरू होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांत या तापाची साथ पसरली आणि त्यात रुग्ण दगावलेही.

येथे परिस्थिती चांदीपुराच्या नेमकी उलट आहे, कारण औषध आहे आणि ते स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिनने दोन दिवसांत ताप उतरू लागतो आणि गर्भवतींसाठी ॲझिथ्रोमायसिनचा पर्याय आहे. उलट पेनिसिलिनच्या गटातील औषधे कामाची नाहीत, कारण हा जिवाणू पेशींच्या आत राहतो आणि ही औषधे जिवाणूच्या ज्या आवरणावर घाव घालतात ते त्याच्यात नावापुरतेच असते. उपचार लांबला तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू यांवर परिणाम होतो. अशा गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास अधिक लाभ होतो, हे भारतातील सात रुग्णालयांत झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. संशय बळकट असेल तर तपासणीच्या अहवालासाठी थांबू नये, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मार्गदर्शन आहे.

शेतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पाय झाकणारी पादत्राणे वापरणे, उघड्या अंगाला डीईईटीयुक्त मलम लावणे, गवतावर न बसणे किंवा कपडे न वाळवणे, घरी येताच साबणाने अंघोळ करून कपडे बदलणे, हे प्रतिबंधाचे उपाय साधे असले तरी भर पावसात निंदण करणाऱ्या मजुराला ते सगळे परवडतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणून निदानावरच अधिक भार पडतो. चाव्याच्या जागी पुष्कळ रुग्णांत सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा स्तनांखाली असल्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताही नसतो. निंदणाचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांची तपासणी बहुधा मनगट आणि छाती यांपुरतीच होते. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत, पाच दिवसांहून अधिक ताप असलेल्या प्रत्येक शेतमजूर स्त्रीला पडद्याआड नेऊन परिचारिकेने ही खपली शोधली, तर निदान कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालाआधी हाती येऊ शकते, आणि त्यासाठी तालुक्याच्या रुग्णालयात एक पडदा, चांगला उजेड आणि दहा मिनिटांचा वेळ पुरेसा असतो.