शाकाहारी ताट आणि आपली मुले

संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इमारतींविषयी, निकालांविषयी आणि येथून बाहेर पडून मोठ्या पदांवर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांविषयी इतर सहकारी लिहितीलच. आम्ही स्वयंपाकगृहाविषयी लिहावयाचे ठरविले. कारण असे की, गेल्या पंचवीस वर्षांत पालकांनी आम्हांला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न अभ्यासाचा नाही, शिस्तीचाही नाही. तो जेवणाचा आहे. दर जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी कोणी ना कोणी वडील मुलाचा हात धरून विचारतात, "सर, इथं मटण-मच्छी काहीच नाही का? पोरगं वरणभातावर राहायचं नाही." दोन-चार पालक याहून पुढचा प्रश्न करतात : "आपण बौद्ध ना सर? मग हे बामणी जेवण कशाला?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकगृहात द्यावे लागते, दुसऱ्याचे इतिहासात. दुसरा अधिक अवघड, म्हणून तो आधी घेतो.

या देशात कोण काय खातो यावरून त्याची पायरी ठरविली गेली. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावरील १९४८ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. बौद्ध धम्माशी चाललेल्या स्पर्धेत ब्राह्मणवर्गाने गोमांस तर सोडलेच, पण त्याही पुढे जाऊन शाकाहार स्वीकारला. गावाबाहेर राहणारे, पराभूत टोळ्यांतून फुटलेले लोक मृत जनावराचे मांस खात राहिले आणि त्यावरून त्यांच्यावर अस्पृश्यतेचा शिक्का बसला, अशी ती मांडणी आहे. म्हणजे शाकाहार हा आपल्या समाजाला दाखविला गेला तो करुणेच्या रूपाने नव्हे, तर विटाळाच्या काठीच्या रूपाने. शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना आजही "तुम्ही नॉनव्हेज खाता का?" असे विचारले जाते, तेव्हा त्या प्रश्नाआड दुसराच प्रश्न दडलेला असतो, हे त्यांना नीट कळते.

परंतु आपल्या घरांत मांस सोडण्याचा आणखी एक इतिहास आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस व उष्टे-शिळे अन्न खाणे सोडून द्या, असे सांगितले. त्या सांगण्याचा शाकाहाराशी काही संबंध नव्हता. मेलेले ढोर ओढणे हे गावकीने लादलेले काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जाई. तो नाकारणे म्हणजे ती गुलामी नाकारणे होते. आमच्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी उपास काढले, पण ते मांस पुन्हा घरात आणले नाही. ताटातला एक पदार्थ स्वाभिमानाने बाजूला सारता येतो, हे आपल्या लोकांना कोणा शाकाहारी प्रचारकाने शिकविलेले नाही.

तथागतांची भूमिका काय होती? मज्झिम निकायातील जीवक सुत्तात ती स्पष्ट आहे. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये. अन्यथा भिक्षापात्रात पडलेले घेण्यास हरकत नाही. देवदत्ताने ज्या पाच कडक नियमांची मागणी केली, त्यांत मासे व मांस पूर्ण वर्ज्य करण्याचा एक नियम होता. तथागतांनी ती सक्ती मान्य केली नाही. पुढे महायान परंपरेत लंकावतार सूत्राने मांसाहाराचा निषेध केला, चीनमधील विहारांत शाकाहार रुजला. श्रीलंका, म्यानमार व तिबेटमध्ये तो रुजला नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेकडे नियम म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून पाहिले आणि मारण्याची गरज व मारण्याची हौस यांत भेद केला. तेव्हा 'मांस खातो तो बौद्ध नव्हे' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि या शाळेत तसे कोणी म्हणू नये.

मग आपले भोजनगृह शाकाहारी का? याचे प्रामाणिक उत्तर असे की, सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांमध्ये घेतली आहे आणि ती जेथे सहज पाळता येईल अशी एक तरी जागा असावी, असे संस्थापकांना वाटले. ते आम्हांलाही पटते. मात्र हे करताना घाई करू नये, हे आम्ही सम्राट अशोकाकडून शिकलो. गिरनार येथील पहिल्या शिलालेखात तो आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता केवळ तीन : दोन मोर व एक हरिण, आणि तेही हरिण रोज नाही, पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. ज्याच्या आज्ञेवर साम्राज्य चालत होते, त्यानेही स्वतःच्या स्वयंपाकघरात उद्याची मुदत मागून घेतली आणि ती दगडावर कोरून जाहीर केली. आमच्यासमोर तर दहा वर्षांची मुले होती आणि आम्ही त्यांना एक दिवसाचीही मुदत दिली नव्हती.

येथे आमची एक चूक नोंदविणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या वर्षांत पाचवीच्या एका मुलाच्या पेटीत सुक्या बोंबलाची पुडी सापडली. आम्ही ती सर्व मुलांसमोर बाहेर फेकली आणि अहिंसेवर दहा मिनिटे बोललो. तो मुलगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने एवढेच सांगितले, "सर, ते माझ्या आईनं भाजून दिलं होतं." जी वागणूक आमच्या आजोबांना गावाने दिली, तीच आम्ही त्या मुलाच्या आईला दिली होती. आता गृहपालांच्या खोलीबाहेर एक कपाट आहे. घरून आलेला असा डबा त्यात नाव लिहून राहतो आणि पालकभेटीच्या दिवशी मूल आवारातील झाडाखाली आई-वडिलांसोबत बसून तो खाते. भोजनगृहात मांस शिजत नाही, एवढाच आपला नियम आहे. मूल सुटीत घरी काय जेवले याची चौकशी केली जात नाही.

आता पहिला प्रश्न. अनेक वर्षे आपल्याकडे पातळ वरण, बटाटा-फ्लॉवर, दुधी आणि भात असा बेत असे, फोडणी मोहरी-हळदीची. जुलैअखेरपर्यंत उष्ट्याच्या बादल्या भरून जात. आम्ही अन्नाच्या नासाडीवर परिपाठात भाषणे दिली. बादल्या भरतच राहिल्या. मार्ग सुचविला तो स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. त्या म्हणाल्या, "सर, पोरांना मटण नको असतं, रस्सा हवा असतो." इतिहासाच्या शिक्षकाला येथे एक गंमत आठवते : अशोकाच्या त्या लेखातही प्राणी मारले जात ते 'सूपा'साठी, म्हणजे कालवणासाठीच.

मावशींचे म्हणणे आम्ही तपासून पाहिले. मांसाच्या जेवणात मुलाला तीन गोष्टी मिळतात. भाजलेल्या वाटणाची चव व वर आलेली तर्री, दातांखाली येणारे काही तरी चिवट, आणि आज काही विशेष आहे ही भावना. यांतील पहिली गोष्ट सर्वांत सोपी. कांदे विस्तवावर काळपट होईतो भाजावेत, सुके खोबरे वेगळे भाजावे, त्यात लसूण, आले, धने, लवंग, दालचिनी व दगडफूल घालून वाटावे. मराठवाड्यातील मुलांच्या आयांनी येसर करून पाठविले, तेव्हापासून आमटीला अंगचा दाटपणा आला. हेच वाटण अख्ख्या मसुराला, चवळीला, मटकीला, हरभऱ्याला चालते. अख्खा मसूर सांगली-कराडकडील ढाब्यांवर लोक मुद्दाम जाऊन खातात. आपल्या मुलांनाही तो पहिल्याच दिवशी आवडला. कोकणातून येणाऱ्या मुलांसाठी तुरीच्या आमटीत कोकम आणि दोन-चार तिरफळे ठेचून घातली, की त्यांना माशांच्या कालवणाची ओळख लागते.

चिवटपणाचे काम सोयाबीनच्या वड्यांकडे जाते. परंतु वसतिगृहांतून या वड्या बदनाम झाल्या आहेत, कारण त्या बहुधा नीट धुतल्याच जात नाहीत. उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात, नंतर गार पाण्यातून काढून दोन-तीन वेळा घट्ट पिळाव्यात. उग्र वास पाण्याबरोबर निघून जातो. मग दही, आले-लसूण, हळद व तिखट लावून अर्धा तास ठेवाव्यात, तेलावर लालसर परताव्यात आणि शेवटी रश्श्यात सोडाव्यात. या क्रमातील एक पायरी गाळली तरी बादली भरते. दुसरी एक सूचना : या भाजीला 'शाकाहारी मटण' म्हणू नये. तसे म्हटले की मुले मटणाशी तुलना करतात आणि फसविल्यासारखी ती भाजी बाजूला सारतात. विदर्भातील पाटवडीचा रस्सा याहून सरस. बेसन शिजवून ताटात थापायचे, वड्या कापायच्या आणि रस्सा वाढतेवेळीच वर घालायचा, नाहीतर त्या विरघळतात. अडीचशे मुलांसाठी हे काम मोठे आहे, म्हणून महिन्यातून दोनदाच होते. खानदेशी शेवभाजी त्यामानाने सोपी.

तिसरी गोष्ट आमच्या ध्यानात सर्वांत उशिरा आली. आपल्या घरांत मांस रोज शिजत नाही. रविवारी, बाजाराच्या दिवशी किंवा पाहुणा आला तर शिजते. आणि आपल्याकडे नेमकी रविवारी स्वयंपाकगृहाची अर्धी सुटी असल्याने रात्री नुसती खिचडी असे. ज्या दिवशी मुलाला घराची सर्वाधिक आठवण यावी, त्याच दिवशी आम्ही त्याला सर्वांत कोरडे ताट देत होतो. सुटी आता मंगळवारी दिली जाते. रविवारी पाटवडी किंवा भरली वांगी, भाकरी, कांदा, लिंबू आणि एखादा गोड पदार्थ असतो. नव्या मुलांना पहिले दोन महिने रोज रस्सा मिळतो. पालेभाज्या, दुधी, दोडका हे त्यानंतर हळूहळू येतात. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बाराही महिने असते.

चवीइतकाच पोषणाचाही हिशेब हवा, कारण पालकांची काळजी खोटी नाही. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम व मुलीला सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. २५० ग्रॅम पिठाच्या भाकरी-पोळ्यांतून साधारण २५ ग्रॅम, ७५ ग्रॅम डाळी-कडधान्यांतून १६-१७ ग्रॅम, पेलाभर दुधातून ६ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम मिळतात. धान्यात जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीतले उणे धान्य भरून काढते, म्हणून दोन्ही एकाच दिवसाच्या जेवणात हवीत. परंतु हा हिशेब मुलाने पानातले सर्व खाल्ले तरच खरा; नुसता भात खाऊन उठलेल्या मुलाला तो लागू नाही. लोहाचा प्रश्न याहून बिकट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. धान्य-भाज्यांतील लोह शरीरात मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. लिंबू किंवा आवळा सोबत असेल तर ते वाढते, जेवणाबरोबर चहा घेतला तर घटते. म्हणून जेवणानंतरचा चहा बंद केला आणि मोड आलेल्या कडधान्यांवर लिंबू सक्तीचे केले.

ब-१२ या जीवनसत्त्वाबाबत मात्र कोणतीही पळवाट नाही. ते वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी, मांस यांतूनच मिळते. दूध महाग आणि सर्व मुलांना ते पचतेच असे नाही. म्हणून अंड्याचा प्रश्न आपल्या व्यवस्थापन मंडळापुढे वारंवार आला आहे. काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराने वर्षभराचे धान्य देऊ केले. अट अशी की अंडे आवारात येऊ नये आणि कांदा-लसूणही वापरू नये. कांदा-लसणाची अट ऐकताच मंडळाने ते धान्य एकमताने नाकारले, कारण ती अट करुणेची नव्हती, सोवळ्याची होती. अंड्याबाबत मात्र एकमत अद्याप झालेले नाही. काही विश्वस्तांच्या मते अंडे आले की भोजनगृहाचे तत्त्व ढासळेल.

आमचे मत आम्ही लेखी दिले आहे. आठवड्यातून दोनदा, ज्या मुलाला हवे त्याला उकडलेले अंडे मिळावे. ज्याला नको त्याला तेवढ्याच किमतीचे दूध व केळे मिळावे. आणि दोन्ही मुले एकाच पंगतीत, एकमेकांशेजारी बसावीत. सोबत गेल्या तीन वर्षांच्या आरोग्य तपासणीची नोंदवही जोडली आहे. मंडळाची बैठक वर्षावासानंतर आहे.