बाहेरून आलेलं पौरुष

खोंड मानेवर जू घेण्याइतका झाला की शेतकरी त्याला खच्ची करून घ्यायचा. पूर्वी गावात या कामाचा ठरलेला माणूस असे. आता पशुवैद्यक बर्डिझोचा चिमटा घेऊन येतो. त्यानंतरचा फरक सांगायला पुस्तक लागत नाही. वळूची मान भरते, वशिंड उंच होतं, तो गाईचा वास लागला की दावं तोडतो. बैल निमूट औताला चालतो. वृषणाचा आणि वशिंडाचा काहीतरी संबंध आहे हे शेतकऱ्याला हजारो वर्षं ठाऊक होतं. तो संबंध कोणत्या वाटेने पोचतो, एवढंच ठाऊक नव्हतं.

ती वाट शोधणारा प्रयोग झाला कोंबड्यांवर. जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड या प्राध्यापकाने सहा कोवळे कोंबडे घेतले आणि 1849मध्ये निष्कर्ष छापले. दोघांचे वृषण काढून टाकले; ते मऊ पडले, तुरा फिका पडला, आरवणं गेलं. उरलेल्या चौघांच्या पोटात एकेक वृषण परत बसवला, काहींना स्वतःचा, काहींना दुसऱ्याचा. हे चौघे मात्र झोकात आरवले, भांडले, कोंबड्यांच्या मागे लागले. मूळ जागेच्या शिरा तुटलेल्या होत्या, मज्जातंतू तुटलेले होते, तरी तुरा लाल झाला. याचा अर्थ संदेश रक्तातून जात होता. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे मात्र तांबडं फुटूनही पुढची साठेक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

लक्ष गेलं ते भलत्याच दिशेने. 1 जून 1889 रोजी पॅरिसमध्ये शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार हा 72 वर्षांचा नामांकित शरीरशास्त्रज्ञ सहकाऱ्यांसमोर उभा राहिला. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आलं, असं त्याने जाहीर केलं. जिना चढताना दम लागत नाही, लघवीची धार लांब जाते, असा सगळा हिशेब त्याने मांडला. युरोप-अमेरिकेत अर्कांचा बाजार उठला. आज आपल्याला कळतं की त्या कुप्यांमध्ये जवळजवळ काहीच नव्हतं. वृषण आपलं संप्रेरक साठवून ठेवत नाहीत, तयार होईल तसं रक्तात सोडतात. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. म्हाताऱ्याला चढला होता तो निव्वळ विश्वास.

त्यापुढची गंमत व्हिएन्नातली. ऑयगेन श्टाइनाख याने मांडलं की शुक्रवाहिनी बांधली तर शुक्राणू बनवणाऱ्या पेशी मागे पडतील आणि संप्रेरक बनवणाऱ्या पेशी फोफावतील. 1920च्या दशकात बडे लोक रांगा लावून ही शस्त्रक्रिया करून घेऊ लागले. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1923मध्ये करून घेतली, आयरिश कवी येट्स यांनी 1934मध्ये. म्हणजे नसबंदीचंच एक रूप मर्दानगी वाढवायला वापरलं जात होतं! आपल्याकडे त्याच नसबंदीने मर्दानगी जाते या धास्तीने पुरुष पळतात. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदीचं 0.3 टक्के निघालं. शुक्रवाहिनी बांधल्याने संप्रेरक ना वाढतं ना घटतं. व्हिएन्नाची आशा आणि आपली भीती, दोन्ही एकाच गैरसमजाची पिल्लं.

खरं संप्रेरक हाती यायला कत्तलखान्यांची मदत लागली. शिकागोत फ्रेड कॉख आणि त्यांचा विद्यार्थी लेम्युएल मॅकगी यांनी 1927मध्ये वळूंच्या 40 पौंड वृषणांतून अवघा 20 मिलिग्रॅम अर्क काढला. (त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. संततिनियमनाचं केंद्र त्यांनी 1921मध्येच सुरू केलं होतं आणि समाजाचे शिव्याशाप खात होते.) जर्मनीत आडोल्फ बुटेनांट यांनी 1931मध्ये पोलिसांची 15,000 लिटर लघवी आटवून 15 मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवलं. शेवटी 1935मध्ये ॲमस्टरडॅमला एर्न्स्ट लाकेर यांच्या चमूने वृषणातलं मूळ संप्रेरक शुद्ध केलं आणि त्याचं बारसं केलं : टेस्टोस्टेरॉन. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनूही लागलं.

आता प्रश्न सुटला, असं डॉक्टरांना वाटलं. मूल होत नाही? पुरुषाला पौरुष टोचा. पण 1939मध्ये अमेरिकेतले नॉरिस हेकेल यांनी नोंदवलं की टेस्टोस्टेरॉन दिलेल्या माणसाचे शुक्राणू घटले. पुढच्या दशकभरात इतरांनाही तेच दिसलं. मात्रा चालू ठेवली की वीर्यातले शुक्राणू शून्यावर येत.

हे असं उलटं का होतं ते घराच्या गच्चीवरच्या टाकीवरून समजेल. टाकीत तरंगता चेंडू असतो. पाणी खाली गेलं की चेंडू उतरतो, तोटी उघडते. टाकी भरली की बंद होते. शरीरात मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस थोड्या थोड्या वेळाने एक संप्रेरक झटक्याझटक्याने सोडतो. (ते शोधायला ॲन्ड्र्यू शॅली आणि रॉजर गियमें यांनी डुकरं-मेंढ्यांचे लाखो मेंदू पालथे घातले आणि 1977च्या नोबेलचे मानकरी ठरले.) त्या झटक्यांवर पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात पाठवते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन करायला सांगतं. एफएसएच सर्टोली पेशींना सांभाळतं, आणि या पेशी शुक्राणूंना वाढवतात, अगदी दाईसारख्या. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू हात आखडता घेतो.

बाहेरून सुई दिली की चेंडू वर जातो, तोटी बंद होते. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण वृषणाच्या आत दुष्काळ. शुक्राणू घडायला रक्तात असतं त्याच्या कित्येक पट टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आत लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. रक्तातून येणाऱ्या वाटणीने तिथली तहान भागत नाही.

एफएसएचला आवर घालणारं काहीतरी वेगळं वृषणातून निघतं, हा तर्क 1932चा. रॉय मॅकलाघ यांनी त्याला इनहिबिन म्हटलं. त्याच्या शोधात मुंबईचाही हात होता. परळला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. तिथले अनिल शेठ आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात मानवी वीर्यातून इनहिबिनसारखं काम करणारं एक प्रथिन वेगळं केलं. पुढे खरं इनहिबिन दुसऱ्याच रेणूला म्हणायचं ठरलं, आणि परळच्या प्रथिनाचा अभ्यास प्रोस्टेट ग्रंथीच्या संदर्भात चालू राहिला. विज्ञानात हे असं होतं. शोध फुकट जात नाही, त्याचं नाव बदलतं.

तोटी बंद होते हे कळल्यावर काहींना त्यातच पुरुषांसाठी गर्भनिरोधक दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेने सात देशांतल्या दहा केंद्रांवर 271 पुरुषांना दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेट टोचलं. 157 जणांचे शुक्राणू सहा महिन्यांत पूर्ण थांबले. या पुरुषांनी पुढे वर्षभर फक्त याच सुईवर विसंबायचं होतं. त्यात एकच गर्भधारणा झाली. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे आलं तेव्हा पुरुषांची सुई लवकरच बाजारात येईल असा अनेकांचा सूर होता. 2011मध्ये 320 पुरुषांवरचा असाच एक प्रयोग मनःस्थितीवर होणाऱ्या परिणामांमुळे मध्येच थांबवला गेला, आणि गंमत म्हणजे भाग घेतलेल्या पुरुषांतले तीन-चतुर्थांशाहून अधिक म्हणत होते की हे साधन मिळालं तर आम्ही वापरू. स्त्रिया गोळ्यांचे त्रास साठ वर्षं सोसत आल्या आहेत, हे त्यावर अनेकींनी कडवटपणे बोलून दाखवलं. त्या कडवटपणात तथ्य होतं.

ज्यांनी ही सुई गर्भनिरोधक म्हणून कधी मागितली नाही त्यांना मात्र ती जिममध्ये मिळते. तिथे तिला ‘कोर्स’ म्हणतात किंवा ‘सायकल’. दंड फुगतात, छाती भरते, आणि वर्ष-दोन वर्षांनी लग्न झालेला तोच तरुण दवाखान्यात वीर्यतपासणीचा शून्याचा कागद घेऊन बसतो. त्याआधी बहुतेकदा त्याच्या बायकोच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या झालेल्या असतात; घरातल्या बायाबापड्यांचं बोलणं वेगळंच. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सोपी आहे, तरी ती शेवटी होते, कारण आपल्या बोलण्यात ‘मूल न होणं’ आणि ‘पुरुष नसणं’ एकच मानलं जातं. इथला दिलासा इतकाच की हा शून्य बहुधा कायमचा नसतो. गर्भनिरोधक सुईच्या प्रयोगांतल्या पुरुषांची आकडेवारी एकत्र करून 2006मध्ये छापलेल्या विश्लेषणात सुई थांबवल्यावर सरासरी साडेतीन महिन्यांच्या आत शुक्राणू मिलिलिटरला दोन कोटींवर परत आले होते. दहापैकी नऊ जण वर्षभरात सावरले. ते प्रयोग मोजक्या मात्रांचे होते. जिममधले डोस कुणी मोजत नाही.

संप्रेरकांच्या सुयांनी खरोखर मूल होतं ते वेगळ्याच पुरुषांना. काही मुलग्यांना जन्मतः वास येत नाही आणि वयात आल्यावर दाढी-मिशाही फुटत नाही. याला 1944पासून कॅलमन सिंड्रोम म्हणतात. गर्भात असताना मेंदूचा संदेश सोडणाऱ्या पेशी नाकापासून प्रवास करत वर जातात. वाटेत अडकल्या तर वासाची आणि वयात येण्याची दोन्ही दारं एकदम बंद होतात. अशांना एलएच-एफएसएचचं काम करणारी इंजेक्शनं महिनोन्‌महिने दिली की वृषण जागे होऊ शकतात. या औषधाचा जुना स्रोत ऐकला तर हसू येईल: इटलीत पिएरो दोनिनी यांनी ते पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलं, आणि औषधकंपनीला ती लघवी पुरवणाऱ्या बहुतेक जणी मठातल्या वृद्ध जोगिणी होत्या. त्या औषधाने पहिलं बाळ 1962मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बायकांचं हे देणं.

एफएसएच नुसतं औषध नाही, ते चुगलीखोरही आहे. 1977मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथल्या रसायन कारखान्यातले काही कामगार आपसांत बोलता बोलता थबकले, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना बऱ्याच वर्षांत मूल झालं नव्हतं. ते डीबीसीपी नावाचं सूत्रकृमींना मारणारं द्रव्य बनवत होते. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. त्या द्रव्याने उंदरांचे वृषण आक्रसतात हे 1961मध्येच छापून आलेलं होतं. कामगारांच्या रक्तात एफएसएच भलतंच वाढलेलं होतं: मेंदू दार ठोठावत होता आणि आत कुणी उठत नव्हतं. कामावरून हटवल्यावर काहींचे शुक्राणू परतले. फार वर्षं त्या धुरात राहिलेल्यांचे परतले नाहीत. अमेरिकेने 1979मध्ये या द्रव्याचा बहुतेक वापर बंद केला, पण तोवर ते कोस्टा रिकातल्या केळीच्या मळ्यांत वापरलं गेलं होतं, आणि तिथल्या मजुरांचे खटले पुढे अनेक वर्षं चालले.

लॅथ्रॉपच्या कामगारांचं टेस्टोस्टेरॉन मात्र शाबूत होतं. त्यांच्या दाढ्या पूर्वीसारख्याच रोज वाढत होत्या.