डिझेलची चोरी व शेतकऱ्याचा हिशेब

सांगली आणि मिरज यांच्या मध्ये असलेल्या विश्रामबागच्या आसपास गळीत हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर रात्री-अपरात्री उघड्यावर उभे राहतात. अशा ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीच्या साहाय्याने डिझेल काढून घेणे हे काही मिनिटांचे काम असते. डिझेल स्वस्त होते तेव्हा पाच-दहा लिटरची घट कोणी फारशी मनावर घेत नसे. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले, जून 2017 पासून दर रोज बदलू लागले, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मुंबईत डिझेलने लिटरमागे 100 रुपयांची मर्यादा ओलांडली. पुढे केंद्राने उत्पादन शुल्कात कपात केली, तरी वीस लिटरची चोरी म्हणजे मजुराच्या काही दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम, ही स्थिती कायम राहिली.

दरातील तफावत माणसाला कोठवर नेते, याचे भीषण उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. रेशनचे रॉकेल त्या काळी डिझेलहून पुष्कळ स्वस्त असल्याने त्याची डिझेलमध्ये भेसळ होत असे. दि. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे असा प्रकार उघडकीस आणणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रॉकेलवरील सवलत पुढे टप्प्याटप्प्याने संपली व भेसळीचा तो मोह ओसरला. चोरीचा मोह मात्र उरला आहे.

चोरीत डिझेल जाते, त्याहून मोठी हानी विश्वासाची होते. टाकीत काल किती होते हे मालकास ठाऊक नसते, आणि संशय प्रथम ड्रायव्हरवर जातो. पुष्कळदा तो निर्दोष असतो. नांगरटीसारख्या जड कामात 35 ते 45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तासाला सुमारे 4 ते 6 लिटर डिझेल घेतो, आणि जमीन, खोली व गिअर यांप्रमाणे हा आकडा बदलतो. एवढा फरक पडत असता केवळ अंदाजाने एखाद्यास चोर ठरविणे अन्यायाचे होय.

यावर मापकाठी हा उत्तम उपाय आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी रिकामी करावी, नंतर 5-5 लिटर डिझेल ओतीत जावे व प्रत्येक वेळी स्वच्छ लाकडी काठीवर खूण करावी. काम सुरू करताना व संपल्यावर काठी बुडवून आकडा वहीत लिहावा, तासमापकाचा आकडाही लिहावा, आणि दोहोंखाली ड्रायव्हरची सही घ्यावी. महिन्याभरात आपल्या ट्रॅक्टरचा खरा खप कळून येतो.

येथे एक अडचण आहे. हवेतील ओलावा टाकीत साचू नये म्हणून सायंकाळी टाकी भरून ठेवावी, असा जुना व योग्य सल्ला आहे. परंतु भरलेली टाकी चोरास आयती सापडते. आमच्या मते ट्रॅक्टर गोठ्यात किंवा अंगणात असेल तर टाकी भरावी. कारखान्याच्या रांगेत वा रस्त्यावर रात्र काढावयाची असेल तर गरजेपुरतेच डिझेल ठेवावे व झाकणास कुलूप लावावे. अशा वेळी फिल्टरखालील पाणी अधिक वेळा सोडावे लागते, एवढाच त्रास.

स्वस्त म्हणून देऊ केलेले डिझेल घेऊ नये. ते बहुधा चोरीचे अथवा भेसळीचे असते, आणि रॉकेलमिश्रित डिझेल वंगण कमी देत असल्याने इंधनपंप लवकर झिजतो. पंपावर माप कमी वाटल्यास 5 लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा ग्राहकास हक्क आहे; त्यात 25 मिलिलिटरहून अधिक फरक चालत नाही. घनताही तपासून मागता येते.

तोंडाने नळी ओढून डिझेल काढण्याची सवय घरच्या माणसांनीही सोडावी. डिझेल फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. कोणी ते गिळल्यास उलटी करवू नये, तत्काळ दवाखान्यात न्यावे.

चोरी झाल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास वहीसह पोलीस ठाण्यात न्यावे. 1 जुलै 2024 पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली नोंदला जातो. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.