दगडातले भाडेकरू

ये गं सानू, ती बादली जरा सरकव. चार दिवसांनी नळाला पाणी आलंय आणि मी ते वाळू धुण्यात घालवतोय म्हणून आजी तणतणतेय. तणतणू दे.

गेल्या वळवाच्या वादळात दीड दिवस वीज नव्हती. पंप थांबला, तुझ्या बाबाच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतला प्राणवायू संपला आणि मासे गेले. राहिली पिंपात ओली वाळू आणि हे दगड. दगड तर वाळून आपल्या कडक भाकरीसारखे खडखडीत झालेत.

वाळू हुंग बघू. सडक्या अंड्याचा वास! तळाशी हवा पोचली नाही की तिथले जंतू खाऱ्या पाण्यातल्या गंधकाच्या क्षारांवर दिवस काढतात आणि हा घाण वासाचा वायू सोडतात. म्हणून तांदळाच्या धुवणासारखं दिसणारं हे पाणी नितळ होईपर्यंत वाळू खळबळायची. प्रवाळबेटांवरची पांढरी वाळू कुठून येते, ठाऊक आहे? बरीचशी पोपटमाशाच्या पोटातून. तो चोचीसारख्या दातांनी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे तोडतो, घशातल्या दातांनी दळतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि उरलेलं मागून सोडून देतो. हसतेस काय? लोक त्याच वाळूवर अनवाणी फिरायला विमानानं जातात.

आता लिंबू घे. अंगणातल्या काळ्या दगडावर पिळ. काही नाही. शेतातून आणलेल्या चुनखडीवर पिळ. फेस! आता टाकीतल्या दगडावर. तसाच फेस. आपल्या काळ्या मातीतला खडा आणि समुद्रातलं प्रवाळ, दोन्ही मुळात एकच: कॅल्शियम कार्बोनेट. हा दगड मात्र समुद्रातून उचललेला नाही, त्याच पदार्थाचा साच्यात ओतलेला आहे. प्रवाळ २००१ पासून वाघाइतकंच कायद्यानं जपलेलं आहे. विजयदुर्गासमोर खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा उंचवटा आहे ना, तिथलं प्रवाळ तिथंच शोभतं.

दगडाला नुसतं पाणी पुरत नाही. माशांच्या खाण्यातलं फॉस्फेट त्याच्या अंगात मुरलेलं असतं, ते पुढं महिनोन्‌महिने झिरपत राहतं आणि शेवाळाला पोसतं. म्हणून बाबानं दगड आधी ब्लीचमध्ये ठेवले, म्हणजे आतलं मेलेलं सगळं विरघळलं. मग भरपूर धुऊन उन्हात वाळवले. सोलापूरचं ऊन फुकट, तेवढं तरी वापरावं! त्यानंतर सौम्य आम्लात बुडवून वरचा थर उतरवला. मध्ये धुणं वाळवणं चुकवायचं नाही: ब्लीचमध्ये आम्ल मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

दगड असा चकाचक झाला की माशांसाठी ओसाडच. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी. विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास दाखवलं की ते विष दोघं मिळून पचवतात. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. शेणखतातला नत्र मंगळवेढ्याच्या ज्वारीपर्यंत पोचवायलाही मातीत असलेच कामकरी राबतात. दगडाच्या छिद्रांत, जिथं हवा जात नाही, तिथं तिसरे बसलेले असतात. ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नायट्रोजन हवेत सोडतात. तू आत्ता घेतलेल्या श्वासात तोच सगळ्यात जास्त होता.

बाबाच्या ब्लीचनं या सगळ्या भाडेकरूंना एका रात्रीत संपवलं. नवे बोलवायचे तर आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालायचं, जुन्या टाकीतला एखादा जिवंत, म्हणजे भाडेकरूंसकटचा दगड मित्राकडून मागायचा, कोळंबीचा तुकडा टाकायचा आणि थांबायचं. कोळंबी कुजली की अमोनिया येतो, अमोनिया आला की खाणारे वाढतात. चार ते सहा आठवडे.

किती वेळा विचारशील, मासे कधी? थोडे दगड बाबानं आधीच टाकीत असे लावलेत. काल त्यातलं पाणी त्यानं परीक्षानळीत पाहिलं, अमोनिया उतरलाय, नायट्राइट अजून जांभळं दाखवतंय. दुसरे कामकरी अजून पुरते रुजू व्हायचेत. तोवर नळ चालू आहे, आजीच्या बादल्या भर. नाहीतर पुढचे चार दिवस आपल्या दोघांना जेवण नाही.