जंगलातल्या रस्त्यावर डिझेल गाडी अचानक का बंद पडते? कारण असू शकतो इंजेक्टर!

गडचिरोलीतला आलापल्ली-भामरागड रस्ता घनदाट जंगलातून जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणी डिझेल जीप बंद पडली, तर पेशंटला दवाखान्यात नेणंही अवघड होतं. गाडी बंद पडण्याचं एक कारण म्हणजे डिझेलमध्ये शिरलेलं पाणी.

इंजेक्टर काय करतो?

इंजेक्टर इंजिनात इंधनाचा फवारा मारतो. गाडीतला छोटा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, विजेचा सिग्नल देतो. आतली सुई उचलली जाते आणि बारीक छिद्रांतून डिझेल धुक्यासारखं बाहेर पडतं. हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं. थेंब जितके बारीक, तितकं डिझेल नीट जळतं.

दाब किती असतो?

कारच्या टायरमध्ये साधारण २ बार. कॉमन रेल डिझेल इंजिनात १६०० बार किंवा त्याहूनही जास्त!

मग बिघडतं कुठे?

इंजेक्टरच्या आतली फट केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. तिथे वंगणाचं काम डिझेलच करतं. पाणी शिरलं की वंगण कमी पडतं, गंज चढतो आणि सुई अडकते.

काय काळजी घ्याल?

• कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलचा तळाचा गाळ टाकीत ओतू नका.
• फ्युएल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढा, फिल्टर वेळेवर बदला.
• काळा धूर दिसला, इंजिन मिसिंग करू लागलं किंवा ॲव्हरेज घटलं, तर लांबच्या प्रवासाआधी मेकॅनिकला दाखवा.

नवा फिल्टर इंजेक्टरपेक्षा खूप स्वस्त पडतो.