सूप, एकुलता पुत्र आणि विधिशास्त्र

पाश्चात्त्य विधिशास्त्राच्या ग्रंथांत भारतीय विचाराला जागा मिळते, ती बहुधा प्राचीन कायद्यांच्या प्रकरणात. सिद्धांत म्हणून त्याच्याशी वाद घालण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. आपल्याकडे जैमिनीचे नाव घेतले की काम भागते. परंतु नाव घेणे वेगळे आणि त्याचे म्हणणे समजून घेणे वेगळे.

मीमांसासूत्रांत एक अधिकरण आहे. एका यागात सुपाने आहुती द्यावी असे सांगून, सुपाने अन्न सिद्ध होते, असे कारण पुढे जोडलेले आहे. पूर्वपक्षी विचारतो, अन्न तर पळीने आणि भांड्यानेही सिद्ध होते. मग त्यांनी आहुती का देऊ नये? जैमिनीचे उत्तर असे, की ते कारण म्हणजे अर्थवाद, सुपाची स्तुती. तिच्यामुळे विधीची व्याप्ती वाढत नाही. अर्थात विधी हा विधीच राहतो.

आता न्यायालयात येऊ. एकुलता पुत्र दत्तक देऊ वा घेऊ नये, कारण तो वंश चालविण्यासाठी असतो, असे वसिष्ठाचे वचन आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८८९ साली असे दत्तक अवैध ठरविले. त्याविरुद्ध मोठ्या हिरिरीने मांडला गेलेला युक्तिवाद असा, की जैमिनीच्या मते सकारण वचन हे विधी नसून निव्वळ अर्थवाद होय! पुढे १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने मद्रास व अलाहाबादकडील अपिलांत असे दत्तक वैध मानले. निर्णयाला इतरही आधार होते, आणि तो व्यवहारात सोयीचाही असेल. पण त्या युक्तिवादात सूपच हरवले. जैमिनीने अर्थवाद म्हटले ते कारणाला, आज्ञेला नव्हे.

खरा तात्त्विक प्रश्न येथे सुरू होतो. कारण सरले की नियमही सरतो, असे एक लॅटिन सूत्र वकीलमंडळी सांगतात. जैमिनी ते मानणार नाही, आणि ते हट्टाने नव्हे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय. त्याला कर्ताच नाही. म्हणून कर्त्याचा हेतू शोधण्याचा मार्ग बंद. अर्थ ठरवायचा तो वाक्यावरून आणि प्रकरणावरून. १८३२ साली ऑस्टिनने कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा असे प्रतिपादले. मीमांसेत आज्ञापकावाचून बंधनकारक होणारा विधी आहे, आणि त्याचे काटेकोर अर्थशास्त्रही आहे. विधिमंडळाच्या कायद्याला मात्र कर्ता असतो, उद्देशपत्रिकाही असते; तेथे सुपाचा न्याय जसाच्या तसा लावू नये, असे मला वाटते. कितपत लावावा, हे मीमांसेशी वाद घालूनच ठरवावे लागेल.