नव्या ब्रेक पॅडची कुरकुर

नवे ब्रेक पॅड बसविल्यावर सुरुवातीचे काही दिवस हलकी किरकिर होतेच. जुन्या डिस्कवर पॅड बसायला तेवढा वेळ लागतो. आवाज त्यानंतरही थांबला नाही, तर चाक उतरवून दोन्ही पॅडची जाडी पाहावी. आतला पॅड जास्त झिजलेला आढळल्यास दोष बहुधा कॅलिपरच्या पिनांचा असतो. पावसाळ्यात पिनांवरील फाटक्या रबरातून पाणी शिरते, गंज चढतो आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग अंधेरी ते बोरिवली पावलोपावली ब्रेक दाबताना तोच पॅड घासत राहतो. अशा वेळी पुन्हा पॅड बदलणे म्हणजे पैसे पाण्यात! पिना साफ करून ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. धातूवर धातू घासल्याचा खरखराट आल्यास मात्र गाडी तिथेच थांबवावी.